एका लाइनवर सहा प्लग

"हितं एक," नाना खराडे म्हणाले आणि नव्या गिलाव्यावर त्यांनी कोळशानं फुली मारली. "हितं एक, तितं एक. आन् ह्या खिडकीखाली एक."

मी शिडीवर होते. डोक्याला टॉवेल बांधलेला, दातांत टेप, हातात पाइपातून अर्धवट ओढलेली वायर. होणारा सासरा खाली फुल्या मारत हिंडतोय आणि होणारी सून वर वायर ओढतेय, असला प्रकार आमच्या तासगाव तालुक्यात त्याआधी कुणी बघितला नसेल. पुढंही कुणी बघितल्याचं ऐकिवात नाही, आणि ह्या धंद्यात माझे केस पिकलेत.

"नाना, ह्या फुल्या कसल्या?" टेप तोंडातनं काढून मी विचारलं.

"प्लगच्या गं. ते मोठे, जाड भोकांचे असत्यात ना, ते."

"मोठे दोन ठरलेत. एक सैपाकघरात, एक मोरीबाहेर. पेट्या बसवून झाल्यात की."

"ते दोन हायतच. हे चार वरचे. घर काय माणूस सारखं सारखं बांधतो व्हय?"

आता आधी सांगते मी तिथं कशी काय पोचले. तासगावात एस.टी. स्टँडसमोर आमचं वायरिंगचं दुकान. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, पुढं स्टूल आणि आत वायरींची भेंडोळी. आबा, म्हणजे माझे वडील ज्ञानू मोहिते, हे तालुक्यातले जुने वायरमन. मला त्यांच्या मागं मागं फिरून लहानपणापासून ह्या कामाची गोडी लागली, म्हणून सांगलीच्या आयटीआयला वायरमनचा ट्रेड घेतला. वर्गात मुलगी एकटी मीच. मग जवळच्याच गावातल्या खराड्यांच्या जयसिंगशी माझं लग्न ठरलं. त्यांची द्राक्षबाग, जयसिंगचं स्वतःचं खता-औषधांचं दुकान. बैठकीत नाना मिशीवरनं हात फिरवत म्हणाले होते, "आमाला काय बी नको. मुलगी आन् नारळ द्या." ते ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

नानांचं नवं घर तेव्हा उभं राहत होतं. फिटिंगचं काम त्यांनी आबांना दिलं, घरचंच काम म्हणून. आणि वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आला असताना आबांची कंबर धरली. विहिरीतली मोटार वर घेताना कळ आली ती आलीच. डॉक्टरनं पट्टा दिला आणि शिडी बंद केली. दुसरा माणूस मिळेना, तेव्हा मी म्हणाले, मी जाते, आबांनी नुसतं सोबत येऊन बसावं. आईनं कपाळावर हात मारून घेतला. पण काम अंगावर घेतलेलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, जयसिंग दिसेल हाही एक विचार होताच. मला ते मनापासून आवडले होते. हे लग्न मला हवं होतं.

पहिल्या दिवशी आक्का, म्हणजे होणाऱ्या सासूबाई, दारातच आडव्या झाल्या. "माप ओलांडायच्या आधी सुनंनं घरात पाय टाकायचा? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"आक्का, पुढच्या दाराला उंबरा आहे ना? मग मी मागनं येते. मागच्या दाराला अजून चौकटच बसली नाही. उंबराच नाही तिथं माप कसलं?"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि फस्सकन हसल्या. "बया, हिच्या जिभंला हाड हाय का!" म्हणाल्या, आणि स्वतःच जाऊन मागच्या दारात माझ्यासाठी गोणपाट अंथरून आल्या. तेव्हापासून मी मागच्या दारानं जात-येत होते. जयसिंग दुकान सोडून शिडी धरायला येत. बोलणं फारसं नसायचं. मी "पक्कड" म्हणायचे, ते पक्कड द्यायचे. मी त्यांना "अहो" म्हणायचे, नाव तोंडातनं काढलं नव्हतं. एवढ्यावरच मी खूश होते.

तर त्या फुल्या. मी शिडीवरनं खाली उतरले.

"नाना, मोठ्या प्लगवर मोठी वस्तू चालते. एका लाइनवर दोन मोठे प्लग, त्याच्यावर तिसरा नाही. तुम्ही सहा म्हणताय. एका बैलाला सहा नांगर जुंपाल का?"

"आमचा बैल दमदार हाय," नाना म्हणाले आणि जयसिंगच्या पाठीवर थाप मारून मोठ्यानं हसले.

"नाना, वायर तापते. भिंतीच्या आत तापते, बाहेर कुणाला दिसतसुद्धा नाही."

"मग फ्यूज उडंल की. फ्यूज कशासाठी बसीवतीस?"

"फ्यूज उडाला की तुम्ही काय कराल?"

"काय करायचं? जाड तार घालायची."

"बघा! सगळं गाव हेच करतं. मग फ्यूज उडायचा थांबतो आणि वायर जळायला लागते. तुम्हाला सहा हवेत ना? सहा देते. पण तीन लाइनी ओढाव्या लागतील. मेन बोर्डापासनं हॉलच्या भिंतीत खाच मारते आणि दोन पाइप टाकते. भिंत मीच पुन्हा लिंपून देईन."

हॉलच्या भिंतीचं नाव काढल्यावर नानांचं हसू मावळलं. त्या भिंतीला निळा ऑइलपेंट लागला होता आणि नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथं नेऊन उभं करत होते. "भिंतीला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "परवा वास्तुशांत हाय, पावणं येणार. ह्याच लाइनीवर जोड. काय सगळं एकदम थोडंच चालणार हाय?"

"चालतंच. सकाळच्या पारी सगळ्या घरांत सगळं एकदमच चालतं."

"काय पोरगी हाय ही! अवो पाव्हणं," नानांनी दारातल्या आबांना हाक मारली, "तुमी तरी सांगा लेकीला. तुमचंच काम हाय ना हे?"

आबा सिमेंटच्या पोत्यावर पट्टा आवळून बसले होते. मी निवांत होते. आबा आता काय बोलणार ते मला पाठ होतं. मी लहान असताना एका कारखान्याच्या संचालकाच्या बंगल्यावर असाच वाद झाला होता. संचालक म्हणाला, मी सांगतो तसं जोड. आबांनी पिशवी उचलली आणि काम अर्ध्यावर टाकून निघून आले. "जळालं तर त्याचं घर जळंल," आईला सांगत होते, "पण लोक म्हणतील ज्ञानू मोहित्यानं जाळलं." पुढं बरेच दिवस आमच्या घरात आमटीत डाळ कमी आणि पाणी जास्त होतं. पण आबांनी माघार घेतली नाही.

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "घाल, शालन. सहाही घाल."

"तीन लाइनींवर?"

"ह्याच लाइनीवर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आबा, दोनाच्या वर तिसरा जोडला की हातावर छडी मारत होता तुम्ही मला!"

"घाल म्हणलं ना!" आबा एवढ्या जोरात ओरडले की कळ येऊन त्यांनी कंबर धरली.

जेवायच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. मागं शेवग्याच्या झाडाखाली बसून आम्ही आक्कांनी दिलेली भाकरी आणि पिठलं खात होतो. म्हणजे मी खात होते, आबा नुसती भाकरी मोडत होते.

"आबा, काय झालंय?"

"काय व्हायचंय? सासर हाय तुझं. पहिल्याच पावली न्हाई न्हाई म्हणू नये."

"म्हणून सासर पेटवू? ह्याच घरात मी राहणार आहे ना? माझी पोरं ह्याच भिंतीशेजारी झोपणार ना?"

आबांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मग मडक्यातलं पाणी प्यायले आणि उठून आत गेले. माणूस खोटं बोलतो तेव्हा इतका केविलवाणा दिसत नाही. काहीतरी गिळून बसलेला माणूस तसा दिसतो. पण ते काय, हे मला तेव्हा कळेना.

मी ठरवलं, वाद नको. हिशेबानं जाऊ. सहाही प्लगवर काय काय येणार ते एकदा कळलं तर काहीतरी वाट निघेल. एखादी वस्तू हलकी असेल, तर तिला छोटा प्लग पुरेल. खरं सांगते, माझ्या मनात ह्यापलीकडं काही नव्हतं.

"नाना, या इकडं," मी म्हणाले. "प्रत्येक प्लगवर काय चालणार ते सांगा. मग मी वायरीचं बघते."

नाना खुलले. माझ्यापुढं होऊन एकेका पेटीवर, एकेका फुलीवर बोट ठेवत चालले. "ह्यो फ्रीजचा."

"फ्रीज आहे तुमच्याकडं? आक्का तर मडक्यातलंच पाणी देतात."

"न्हाई, येतोय की."

"बरं. हा?"

"ह्यो कपडं धुवायच्या मशिनीचा."

"मशीन आहे?"

"येतंय."

"हा मोरीबाहेरचा?"

"ह्यो गिझरचा. आन् हितं सैपाकघरात ती केक करायची भट्टी का काय असती, तिचा. ह्यो इस्त्रीचा. आन् तुमच्या दोघांच्या खोलीत कूलरचा. उन्हाळ्यात लई उकडतंय हितं."

"आणि हे सगळं येतंय?"

"येतंय की."

"कुठनं?"

नाना थांबले. आधी आबांकडं बघितलं, मग हसून माझ्याकडं. "आता हे बी मीच सांगू?"

सैपाकघराच्या कट्ट्याशी आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. जयसिंग शिडीला धरून उभे होते. शिडीवर कुणी नव्हतं, तरी धरून उभे होते.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आधी ठरलेले प्लग दोन, आणि बैठकीत मुलगी आणि नारळ. हे चार वरचे प्लग नव्हतेच. ही देण्याघेण्याची यादी होती, आणि नाना ती माझ्याच हातानं भिंतीत बसवून घेत होते.

"नाना, बैठकीत तुम्ही म्हणाला होता, काही नको."

"मग? आमी कुठं काय मागितलंय?" नाना खरंच दुखावल्यासारखे बोलले. "भावकीत थोरल्या घरी सून आली, ट्रक भरून सामान आलं. मी तुझ्या आबांना एवढंच म्हणलो, येवढं मोठं घर बांधतोय, रिकामं दिसू ने. तेंनीच दुसऱ्या दिवशी येऊन शबूद दिला. विचार की तेंना."

मी आबांच्या समोर जाऊन उभी राहिले. "कशातनं आणणार होता, आबा?"

"सोड गं."

"सोडत नाही. कशातनं?"

"गाळा इकतोय," आबा पुटपुटले. "गिऱ्हाईक बघितलंय. माझी कंबर ही असली. तू हितं येणार. दुकान चालवणार कोण?"

"मी चालवणार! लग्नानंतरही मीच चालवणार, हे बैठकीत ठरलंय. ते ह्यांनी," मी जयसिंगकडं हात केला, "ह्यांनी स्वतः कबूल केलंय."

"पोरी, बोलायच्या गोष्टी असत्यात त्या," आबा म्हणाले. "असं स्थळ पुन्हा येणार न्हाई. शिडीवर चढणारी पोरगी कोण करून घेतंय? तुझं चांगलं व्हावं म्हणून…"

मला रडू यायला पाहिजे होतं. पण मला संताप आला. नानांचा आला, आबांचा त्याहून जास्त आला. ज्या माणसानं संचालकाच्या तोंडावर पिशवी उचलली, तो आज लेकीचं लग्न मोडू नये म्हणून तिला सांगत होता, तुझ्या घरात आग ठेव आणि वर गिलावा कर. आणि एवढं सगळं होऊनही मनाच्या एका कोपऱ्यात मी अजून जयसिंगचीच होते. वाटत होतं, हा माणूस आता तोंड उघडेल. एक शब्द बोलेल. तेवढ्यावर मी बाकीचं सगळं निस्तरलं असतं. नानांना गोड बोलून वळवलं असतं, आबांना हाताला धरून घरी नेलं असतं.

"अहो," मी त्यांना म्हणाले, "तुम्ही सांगा. ह्या घरात तुम्ही आणि मी राहणार आहोत. किती प्लग बसवू?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग नानांकडं. मग त्यांची नजर शिडीच्या पायरीवर गेली.

"नाना म्हणतील तेवढे," ते म्हणाले.

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. "अवो, पुसा की त्या चार फुल्या," त्या नानांना म्हणाल्या. "कशाला पायजेत? पोरगी गुणाची हाय. मी काय आजवर फ्रीजातलं पाणी पीत होते व्हय?"

"तू गप," नाना म्हणाले. पण त्यांनाही पाणी गळ्याशी आल्याचं दिसलं असावं. ते माझ्याकडं वळले आणि जरा मऊ सुरात म्हणाले, "बरं, र्‍हाऊ दे. तुझं बी न्हाई आन् माझं बी न्हाई. कूलर सोड. पाच कर."

बाजारात वांग्याचा भाव करावा तसा तो माणूस माझ्या संसाराचा भाव करत होता, आणि त्याला वाटत होतं आपण मन मोठं केलं.

"नाना, आता पाचाचाही प्रश्न नाही आणि सहाचाही नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नवा वाटला, इतका थंड. "ठरलेत ते दोन बसवते. अंगावर घेतलेलं काम पुरं करते. परवा तुमची वास्तुशांत आहे, घरात उजेड पाहिजे. लग्नाचं मात्र तुम्ही दुसरीकडं बघा."

"शालन!" आबा उठायला गेले आणि कळ येऊन परत खाली बसले.

"तुम्ही बसा आबा. उठू नका."

"एवढ्या तेवढ्यावरनं लगीन मोडतीस?" नाना ओरडले. "लोक काय म्हणतील? कोण करून घेईल तुला?"

"कुणी नाही घेतलं तर मी माझी आहे की."

मी शिडीवर चढले. स्क्रू दोनदा हातातनं पडला. नाना पाय आपटत बाहेर गेले, त्यांची चप्पल पायरीवरनं उतरताना ऐकू आली. जयसिंग तिथंच होते.

"शालन," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आत्ता नाना म्हणतायत तसं होऊ दे. लग्न झालं की मी समजावतो त्यांना."

"लग्न झाल्यावर काय समजावणार? फ्रीज परत पाठवणार की आबांचा गाळा परत आणणार?"

त्यांनी शिडी आणखी घट्ट धरली.

"शिडी सोडा, जयसिंगराव," मी म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचं नाव घेतलं, आणि ते घेताना जीभ अडखळली नाही. "मी पडत नाही."

त्यांनी शिडी सोडली. पुढच्या दारानं निघून गेले. तेव्हा मात्र वर छताकडं तोंड करून मी रडले. मनसोक्त रडले. हातानं वायरीचं टोक सोलत होते आणि डोळे वाहत होते. एखादं माणूस आवडलेलं असतं ते काय बटण बंद केल्यावर थांबतं थोडंच?

पण काम केलं. दोन्ही प्लग बसवले, अर्थिंग जोडलं, टेस्टलॅम्प लावून दोन्ही ठिकाणी लाइन बघितली. मेन बोर्डावर योग्य त्या जाडीची तार घातली आणि आक्कांना जवळ बोलावून दाखवली. "आक्का, ही उडाली तर एवढीच बारीक तार घालायची. कुणी जाड घालायला लागलं, तर हात धरायचा."

"मी धरीन," आक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते. "सून म्हणून न्हाई मिळालीस गं. पण बरं केलंस. माझ्या बापानं माझ्यासाठी बैलजोडी इकली, आन् मी तोंडातनं ब्र काढला न्हाई. तवापास्नं माहेरी जेवताना मला घास गोड लागला न्हाई." एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि कोळशाच्या त्या चार फुल्या ओल्या फडक्यानं पुसायला लागल्या.

घरी परतताना आम्हाला शिटा भरून नेणारा वडापचा टेम्पो मिळाला. मी आबांना हात देऊन वर चढवलं, मांडीशी हत्यारांची पिशवी घेतली. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सरत होत्या. आबा बागांकडं तोंड करून बसले होते. मला वाटत होतं, हा माणूस आता माझ्याशी महिनोन् महिने बोलणार नाही. मी त्यांचा शब्द चारचौघांत खाली पाडला होता. आईला काय सांगायचं, गावाला काय सांगायचं, ह्याची मी मनात जुळवाजुळव करत होते. तरी त्या फुल्या डोळ्यांपुढं आल्या की वाटायचं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन.

स्टँडसमोर उतरलो. शेजारचे सायकलवाले बाबूराव गटारीकडेला टायरला हवा भरत होते. आबांना बघून त्यांनी पंप सोडला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय ज्ञानूबा! झालं का व्याह्यांचं काम? लग्नाची तयारी कुठवर आली?"

चहाच्या गाड्यावरच्या माणसांनी माना वळवल्या. मी मान खाली घातली आणि गाळ्याच्या कुलपात किल्ली घातली. आता आबा काहीतरी सारवासारव करणार, म्हणणार, मुहूर्त पुढं ढकललाय, म्हणणार, देवाची इच्छा.

आबा कंबरेवर हात ठेवून सरळ उभे राहिले. कंबर धरल्यापासून ते एवढे सरळ उभे राहिले नव्हते.

"काम झालं, बाबूराव," ते म्हणाले, "आन् लगीन मोडलं. दोन्ही माझ्या पोरीनं केलं, आन् दोन्ही चोख केलं."